बोलक्या पानांचा जनक सिक्वोया

वर्गांत शास्त्राचा पाठ चालू असतां एखादी कल्पना शुद्ध मराठींत सांगूं लागलों, कीं मुलांच्या चेहऱ्यांवर थोडें हसूं उमटतें. इंग्रजी शब्द त्यांस शास्त्रीय वाटतो, आणि त्याच अर्थाचा मराठी शब्द ओढूनताणून आणलेला वाटतो. पुष्कळ पालकांचीहि अशीच समजूत असते. मातृभाषा ही प्रार्थनेसाठीं, अंगाईगीतासाठीं आणि बाजारहाटासाठीं ठीक आहे. परंतु प्रयोगशाळा, कारखाना व कचेरी यांचें काम तिला झेपावयाचें नाहीं, असें ते मनांतून धरून चालतात. ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं एका दूर देशांतील मनुष्याचें चरित्र या अंकांत वाचकांपुढें ठेवीत आहें. हा मनुष्य विद्वान नव्हता. तो शाळेंत कधींहि गेला नाहीं. ज्या दिवशीं त्यानें आपल्या कामास हात घातला, त्या दिवशीं त्याला जगांतील कोणतीहि लिपि वाचतां येत नव्हती. असें असूनहि त्यानें एकट्यानें आपल्या लोकांच्या भाषेसाठीं लिपि तयार केली, आणि त्या लिपीच्या बळावर त्याच्या लोकांनीं थोड्याच वर्षांत कायदे, वर्तमानपत्र, पंचांग व पवित्र शास्त्र आपल्या भाषेंत छापलें.

उत्तर अमेरिकेच्या आग्नेय भागांत ॲपलाचियन पर्वताच्या रांगा आहेत. त्यांच्या दक्षिणेकडील खोऱ्यांत चेरोकी हे तेथील मूळचे लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. ते शेती करीत, शिकार करीत, आणि गांवाच्या सभागृहांत जमून आपले निवाडे करीत. लिटल टेनेसी नदीच्या कांठीं टस्कीगी नांवाचें त्यांचें एक गांव होतें. तेथें सन १७७० व १७८० यांच्या दरम्यान सिक्वोयाचा जन्म झाला. त्याचा बाप गोरा असावा असें बहुतेक चरित्रकार मानतात, आणि इंग्रजी कागदपत्रांत सिक्वोयाचें नांव जॉर्ज गेस किंवा गिस्ट असें आढळतें. परंतु बापाचा सहवास त्याला लाभला नाहीं. आईनेंच त्याला वाढविलें, आणि चेरोकी लोकांत कूळ आईकडून चालत असल्यामुळें तो सर्वार्थानें चेरोकीच झाला. त्याचा एक पाय अधू होता. लंगडत चालणाऱ्या या मुलाला शिकारींत नांव मिळविणें कठीणच होतें; पण त्याच्या हातांत मोठें कसब होतें. पुढें तो सोनाराचें व लोहाराचें काम करूं लागला. त्यानें घडविलेले चांदीचे दागिने लोक आवडीनें घेत असत.

आपल्या कामावर आपलें नांव असावें, असें एकदां त्याच्या मनांत आलें. चार्ल्स हिक्स नांवाच्या एका शिकलेल्या चेरोकी पुढाऱ्याकडून त्यानें आपलें नांव इंग्रजींत लिहून घेतलें, आणि तीच खूण तो चांदीवर कोरूं लागला, असें सांगतात. त्या चार रेघोट्या म्हणजे आपलें नांव, ही गोष्ट त्याच्या मनांत घोळत राहिली असली पाहिजे.

त्या काळीं चेरोकी लोक गोऱ्या लोकांच्या कागदांस बोलकीं पानें म्हणत असत. एक मनुष्य पानावर कांहीं खुणा करतो, दुसरा मनुष्य शंभर कोसांवर तें पान हातांत घेतो, आणि पहिल्याचें बोलणें त्याला ऐकूं येतें! पुष्कळ चेरोकी लोकांस वाटे, कीं ही गोऱ्यांस मिळालेली कांहीं विशेष देणगी आहे, अथवा ही एक चेटूकविद्याच आहे. सन १८०९ च्या सुमारास मित्रमंडळींत असाच वाद चालला असतां सिक्वोयानें निराळें मत मांडलें. यांत देणगी नाहीं व चेटूकहि नाहीं. ही मनुष्यानें शोधून काढलेली युक्ति आहे, आणि जें एका मनुष्यानें शोधलें तें दुसऱ्यालाहि शोधतां येईल, असें त्याचें म्हणणें होतें. मित्रांनीं त्याची थट्टा केली. त्यानें मात्र थट्टा मनावर न घेतां काम आरंभिलें.

मध्यंतरीं युद्ध आलें. सन १८१३ व १८१४ मध्यें क्रीक लोकांतील एका पक्षाशीं अमेरिकन सरकारची लढाई झाली, तींत चेरोकी पलटण जनरल अँड्र्यू जॅक्सन याच्या बाजूनें लढली. सिक्वोया त्या पलटणींत होता, आणि २७ मार्च १८१४ रोजीं हॉर्सशू बेंड येथें झालेल्या निर्णायक लढाईच्या वेळीं तो फौजेबरोबर होता. गोरे शिपाई घरीं पत्रें लिहीत, घरून आलेलीं पत्रें वाचीत, आणि वरून आलेला हुकूम स्वतः पाहूं शकत. चेरोकी शिपायांस यांतलें कांहींच करतां येत नसे. युद्धावरून परतल्यावर सिक्वोया पूर्वीपेक्षां अधिक नेटानें आपल्या कामास लागला.

त्याचा पहिला प्रयत्न फसला. प्रत्येक शब्दाला एक चिन्ह द्यावें, असें त्यानें ठरविलें होतें. झाडांच्या सालींवर व लाकडाच्या ढलप्यांवर तो चिन्हें कोरीत बसे. महिने लोटले, ढलप्यांचा ढीग वाढला, पण शब्द संपेनात. आणि काढलेलीं चिन्हें त्याला स्वतःलाच आठवेनात. शेताकडे दुर्लक्ष झालें. शेजारी त्याला वेडा म्हणूं लागले, आणि कांहींजण तो जादूटोणा करतो असें कुजबुजूं लागले. त्या समाजांत हा आरोप साधा नव्हता. त्यावरून मनुष्याच्या जिवावर बेतत असे. अखेर बायकोनें संतापून त्याचें सारें लिखाण आगींत टाकलें, अशी कथा चेरोकी लोकांत सांगतात. त्या माउलीला तरी दोष कसा द्यावा? घरांत धान्य नाहीं आणि घरधनी ढलप्या कोरीत बसलेला, असें चित्र तिच्यापुढें होतें.

परंतु त्या अपयशानेंच त्याला खरी वाट दाखविली. तो लोकांच्या बोलण्याकडे नव्या रीतीनें कान देऊं लागला. शब्द हजारों आहेत, पण ते ज्या ध्वनींचे बनतात ते ध्वनि मोजके आहेत, आणि तेच पुनःपुन्हां येतात, हें त्याच्या ध्यानांत आलें. आपल्याकडील बिगारींतल्या मुलाला हें समजावून सांगावें लागत नाहीं. क, कि, कु, के, को अशी बाराखडी तो रोज घोकतो. सिक्वोयानें शोधून काढलें तें जवळजवळ हेंच. चेरोकी भाषेंत सहा स्वर आहेत, त्यांतला सहावा नाकांतून उच्चारतात. आणि व्यंजनामागें बहुधा लगेच स्वर येतो. म्हणून त्यानें प्रत्येक स्वराला एक, आणि व्यंजन व स्वर यांच्या प्रत्येक जोडीला एक, अशीं चिन्हें ठरविलीं. तीं ८६ भरलीं. पुढें छापतांना एक गळून ८५ राहिलीं. आपल्या बाराखडींत एकाच क ला निरनिराळ्या मात्रा लागतात. सिक्वोयाच्या लिपींत मात्रा नाहींत. क आणि कि यांच्या आकृतींत कांहींएक साम्य नसतें. त्यामुळें पाठ करावयाचीं चिन्हें थोडीं अधिक झालीं, परंतु एकदां तीं पाठ झालीं, कीं वाचन आलेंच. शुद्धलेखनाचा वेगळा जाच उरला नाहीं.

चिन्हांच्या आकृतींविषयींची एक गोष्ट मोठी मौजेची आहे. त्याच्याजवळ एक इंग्रजी पुस्तक होतें. तें त्याला वाचतां येत नव्हतें, पण त्यांतील कांहीं अक्षरांचे आकार त्याला आवडले व ते त्यानें उचलले. कांहीं फिरविले, कांहीं उलटे केले, आणि बाकीचे स्वतःच्या कल्पनेनें काढले. म्हणून चेरोकी लिपींत इंग्रजी डी सारखें दिसणारें चिन्ह अ असें वाचतात, डब्ल्यू सारखें दिसणारें ला असें वाचतात, आणि एच सारखें दिसणारें मि असें वाचतात. ज्याला इंग्रजी येतें तो हें पान पाहून गोंधळतो. सिक्वोयाचा मात्र गोंधळ झाला नाहीं, कारण त्यानें आकार तेवढा घेतला. ध्वनि सारे स्वतःच्या भाषेचे ठेवले.

लिपि तयार झाली, पण ती शिकावयास कोणी येईना. तेव्हां त्यानें आपली लहान मुलगी आयोका हिला शिकविलें. सहासात वर्षांची ही पोर बापाबरोबर लिहूंवाचूं लागली. सन १८२१ मध्यें चेरोकी पुढाऱ्यांपुढें परीक्षा झाली. बापाला एका ठिकाणीं बसविलें व मुलीला दूर नेलें. पुढाऱ्यांनीं सांगितलेला मजकूर एकानें लिहावा आणि तो कागद दुसऱ्यानें वाचून दाखवावा, असें पुनःपुन्हां केलें. दर वेळीं शब्द बरोबर आले. तरीहि पुढाऱ्यांची शंका फिटेना. तेव्हां कांहीं तरुण निवडून सिक्वोयाकडे शिकावयास पाठविले. थोड्याच दिवसांत तेहि परीक्षेस उतरले. मग मात्र सर्वांची खात्री पटली. ज्यांनीं त्याला जादूगार ठरविलें होतें, तेच आतां त्याच्याकडे धडे घेऊं लागले.

पुढें जें झालें त्यास तोड थोडी. शाळा नाहीं, मास्तर नाहीं, पुस्तक नाहीं. तरी चेरोकी लोक घरोघरीं एकमेकांस शिकवूं लागले. घराच्या भिंतींवर, झाडांच्या सालींवर, वाटेवरच्या कुंपणांवर अक्षरें दिसूं लागलीं. कोणी कांहीं आठवड्यांत शिके, कोणी कांहीं दिवसांतच शिके. याचें कारण लक्षांत घेण्यासारखें आहे. परकी भाषा व परकी लिपि हीं दोन ओझीं एकदम उचलावयाचीं असतील, तर वर्षें जातात. येथें भाषा प्रत्येकाच्या जिभेवर आधींच होती. शिकावयाचीं होतीं तीं केवळ ८५ चिन्हें. सन १८२२ मध्यें सिक्वोया पश्चिमेस आर्कान्साकडे गेला. तेथें स्थलांतर करून गेलेले चेरोकी राहत होते. त्यांस त्यानें लिपि शिकविली, आणि शेंकडों कोसांनीं दुरावलेल्या आप्तांचीं पत्रें इकडून तिकडे व तिकडून इकडे जाऊं लागलीं. चेरोकी राष्ट्रसभेनें सन १८२४ मध्यें त्याला चांदीचें पदक देण्याचें ठरविलें, आणि सन १८२५ मध्यें लिपीला मान्यता दिली. तो अंकांचींहि स्वतंत्र चिन्हें करून बसला होता. तीं मात्र सभेनें घेतलीं नाहींत. हिशेबासाठीं जगांत चालणारे अंकच तिनें पत्करले. आपलें काय ठेवावें व दुसऱ्याचें काय घ्यावें, याचा विवेक त्या सभेपाशीं होता.

याच सुमारास मिशनरी मंडळींचा या कथेशीं संबंध येतो. चेरोकी मुलुखांत अमेरिकन बोर्डाचें मिशन सन १८१७ पासून होतें. हें तेंच बोर्ड, ज्याचे मिशनरी सन १८१३ मध्यें मुंबईस उतरले आणि सन १८३१ मध्यें अहमदनगरास स्थायिक झाले. बोर्डाच्या मिशनरी हेरल्ड या मासिकांत मुंबईचीं व चेरोकी मिशनचीं पत्रें शेजारींशेजारीं छापलीं जात. चेरोकी भाषेसाठीं रोमन अक्षरांची एक पद्धति विद्वानांनीं आधींच ठरविली होती. बॉस्टनचे पंडित जॉन पिकरिंग यांनीं ती सन १८२० मध्यें प्रसिद्ध केली होती, आणि मिशनची मंडळी तिच्या आधारें काम करीत होती. अशा वेळीं एका निरक्षर सोनाराची लिपि पुढें आली. विद्वानांनीं आपला हट्ट धरला असता तर तें स्वाभाविक होतें. परंतु सन १८२५ मध्यें तेथें आलेले सॅम्युअल वूस्टर यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें. लोक ज्या लिपींत आपण होऊन लिहीत आहेत, तीच लिपि खरी, असा निर्णय त्यांनीं केला व बोर्डास तसें कळविलें. रोमन पद्धति मागें पडली.

बॉस्टन येथें चेरोकी अक्षरांचे शिशाचे खिळे ओतविण्यांत आले. सिक्वोयाचीं हस्ताक्षरांतील वळणदार चिन्हें खिळ्यांसाठीं सुटसुटीत करावीं लागलीं, आणि वूस्टर यांनीं तीं स्वरव्यंजनांच्या क्रमानें एका कोष्टकांत मांडलीं. सन १८२७ च्या डिसेंबरांत मिशनरी हेरल्डमध्यें उत्पत्तीच्या पुस्तकाचीं पहिलीं पांच वचनें चेरोकी अक्षरांत छापून निघालीं. मग २१ फेब्रुवारी १८२८ रोजीं न्यू एकोटा या चेरोकी राजधानींत चेरोकी फिनिक्स हें वर्तमानपत्र निघालें. संपादक होता एलायस बूडिनॉट. हा मिशन शाळेंत शिकलेला चेरोकी तरुण होता. पत्रांत इंग्रजी व चेरोकी असे दोन्ही भाषांतील मजकूर असे. राष्ट्राची नवी घटना, कायदे, परदेशच्या बातम्या, शुभवर्तमानांतील उतारे, हें सारें त्यांत येऊं लागलें. आपल्याकडे दर्पण पत्र निघालें तें १८३२ सालीं, म्हणजे त्यानंतर चार वर्षांनीं, हें वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

चेरोकी भाषेपुढें अडचणी नव्हत्या असें नाहीं. तिच्यांत प, फ, ब, भ हे वर्णच नाहींत. आपल्या नव्या करारांत पीटर या नांवाचा पेत्र झाला. चेरोकी भाषेंत त्याचा क्विदा झाला. जें जिनस पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें, त्यासाठीं नांव लागे. तें नांव बहुधा त्या वस्तूचें काम पाहून भाषेंतूनच घडविलें जाई. घोडा हा प्राणी युरोपियनांबरोबर आला. त्याचें चेरोकी नांव पाठीवरच्या ओझ्याच्या शब्दावरून पडलें. या लोकांनीं आधीं कोश तयार करून मग कामास आरंभ केला नाहीं. काम आधीं आलें; कामानें शब्द मागितले, आणि भाषेनें ते दिले.

परंतु लिपि लोकांस जमिनीवर राखूं शकली नाहीं. चेरोकी मुलुखांत सोनें सांपडलें, जॉर्जिया संस्थानाचा डोळा त्या भूमीवर गेला, आणि सन १८३० मध्यें अमेरिकन सरकारनें मूळच्या लोकांस मिसिसिपी नदीपलीकडे हलविण्याचा कायदा केला. त्या वेळीं अध्यक्षपदावर होता तोच अँड्र्यू जॅक्सन, ज्याच्यासाठीं चेरोकी शिपाई लढले होते. जॉर्जियाच्या कायद्यास मान देण्याची शपथ वूस्टर यांनीं घेतली नाहीं, म्हणून सन १८३१ मध्यें त्यांस चार वर्षें सक्तमजुरीची शिक्षा झाली. सन १८३२ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. तरी त्यांची सुटका सन १८३३ च्या जानेवारीपर्यंत झाली नाहीं, आणि चेरोकी लोकांचें संकट त्या निकालानें टळलें नाहीं. वर्तमानपत्र सन १८३४ मध्यें बंद पडलें, व पुढच्या वर्षीं छापखाना जप्त झाला. सन १८३८ व १८३९ मध्यें सुमारें १६,००० चेरोकी लोकांस फौजेच्या पहाऱ्यांत पश्चिमेकडे हांकून नेण्यांत आलें. थंडी, उपासमार व रोगराई यांनीं सुमारें ४,००० माणसें दगावलीं असें मानतात. डॅनिअल बट्रिक हे मिशनरी त्या अश्रूंच्या वाटेवर आपल्या मंडळीबरोबर चालत गेले.

सिक्वोया त्या वेळीं आधींच पश्चिमेस होता. सन १८२८ मध्यें तो पश्चिमेकडील चेरोकी लोकांचा प्रतिनिधि म्हणून वॉशिंग्टनला गेला होता. तेथें त्याचें चित्र काढलें गेलें, त्यांत तो हातांत आपल्या लिपीचा तक्ता धरून दिसतो. नंतर हल्लींच्या ओक्लाहोमा संस्थानांत त्यानें लांकडी ओंडक्यांचें घर बांधलें. तें अद्याप जतन करून ठेवलें आहे. पूर्वेकडून हांकलून आणलेले लोक व आधींचे रहिवासी यांच्यांत तेथें तंटे माजले, रक्तपातहि झाला. बूडिनॉटनें भूमि सोडण्याच्या तहावर सही केली होती. सन १८३९ मध्यें त्याचा खून झाला. अशा वेळीं दोन्ही पक्षांस एकत्र आणण्याच्या कामीं वृद्ध सिक्वोया झटला, आणि त्याच वर्षीं झालेल्या ऐक्याच्या करारावर त्याची सही आहे.

चेरोकी लोकांची एक टोळी मेक्सिकोंत गेली आहे, असें त्यानें ऐकलें होतें. त्या दुरावलेल्या भावंडांस भेटावें, या हेतूनें सन १८४२ मध्यें तो म्हाताऱ्या वयांत, लंगड्या पायानें, मुलाला व कांहीं सोबत्यांना घेऊन निघाला. त्या प्रवासांतच सन १८४३ च्या ऑगस्टांत मेक्सिकोंतील सान फर्नांडो येथें तो वारला. त्याची कबर कोठें आहे, हें आजवर कोणास सांपडलें नाहीं. तो ख्रिस्ती झाला नाहीं. तथापि त्याच्या लोकांस प्रभूचें वचन त्यांच्या भाषेंत वाचावयास मिळालें, तें त्याच्या लिपींतून. आणि ख्रिस्ती मनुष्यानें तें ऋण मोकळ्या मनानें मानलें पाहिजे.

त्याच्यामागें काम थांबलें नाहीं. वूस्टर यांनीं पश्चिमेस पुन्हां छापखाना उभारून पंचांगें, स्तोत्रें व शास्त्राचे भाग छापले. सन १८४४ मध्यें टालेक्वा येथें चेरोकी ॲडव्होकेट हें पत्र निघालें. संपूर्ण नवा करार सन १८६० मध्यें प्रसिद्ध झाला. वैदूंनीं औषधांचे मंत्र वह्यांत उतरविले, दुकानदारांनीं हिशेब ठेविले, शिपायांनीं घरीं पत्रें लिहिलीं. परंतु त्या शतकाच्या अखेरीस दुसरें संकट आलें. अमेरिकेंतील मूळच्या लोकांचीं मुलें आईबापांपासून दूर वसतिगृहांच्या शाळांत नेऊन ठेवण्याची रीत सुरू झाली, आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल त्यांस शिक्षा होऊं लागली. अशा शाळा सरकारनें चालविल्या, आणि ख्रिस्ती मंडळ्यांनींहि चालविल्या. मिशन शाळेच्या मासिकांत ही गोष्ट झांकून ठेवणें योग्य नव्हे. ज्या हातांनीं खिळे ओतविले, त्याच हातांनीं पुढें मुलांचीं तोंडें बंद केलीं, हें लिहितांना लाज वाटते.

आज जुन्या अडचणी राहिल्या नाहींत. सन १९९९ मध्यें सिक्वोयाच्या अक्षरांस संगणकाच्या जागतिक लिपिसंचांत, म्हणजे युनिकोडमध्यें, स्थान मिळालें. सन २०१० मध्यें तीं खिशांतल्या फोनवर उमटूं लागलीं, आणि सन २०१२ मध्यें गूगलची टपालसेवा चेरोकी भाषेंत मिळूं लागली. या विजेच्या टपालास चेरोकी लोकांनीं विजेचा कागद अशा अर्थाचें नांव दिलें. आपणहि आकाशांतल्या विजेचेंच नांव तारेंतल्या शक्तीला दिलें, युक्ति तीच. शास्त्रीय वस्तूंना नांवें देण्यासाठीं चेरोकी भाषेचे जाणते आजहि एकत्र बसून शब्द ठरवितात.

असें असूनहि सन २०१९ मध्यें चेरोकी लोकांच्या तिन्ही राष्ट्रसंस्थांनीं आपली भाषा संकटांत असल्याचें जाहीर केलें. लहानपणापासून ती बोलणारीं माणसें तेव्हां सुमारें दोन हजारच उरलीं होतीं, आणि त्यांत वृद्धच अधिक. सिक्वोयाच्या लिपींत स्वरांची लांबी व आवाजाचे चढउतार लिहिले जात नाहींत; वाचणारा तें आपल्या कानाच्या आठवणीनें भरून काढतो. ती लिपि भाषा बोलणाऱ्यांसाठीं केलेली आहे. जेथें बोलणारें मूल नाहीं, तेथें छापखाना असो कीं फोन असो, बोलकें पान मुकेंच राहतें. म्हणून टालेक्वा येथें सन २००१ पासून लहान मुलांची एक शाळा चालू आहे, आणि तींत गणितापासून विज्ञानापर्यंत सर्व विषय चेरोकी भाषेंतून शिकवितात.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या भाषेला लिपि शोधावी लागणार नाहीं, खिळे ओतावे लागणार नाहींत. तुम्हांस इंग्रजी सोडण्यासहि कोणी सांगत नाहीं. सिक्वोयानेंहि परक्या पुस्तकांतले आकार आनंदानें घेतले. परंतु प्रयोगशाळेंत जें पाहिलें, तें घरीं आईला मराठींत समजावून सांगा. शब्द अडला तर वस्तूचें काम काय तें पाहा, आणि शब्द घडवा. तो पहिल्या दिवशीं हास्यास्पद वाटेल, दहाव्या दिवशीं वाटणार नाहीं. आणि पालकांनीं हें ऐकतांना हातांतलें काम क्षणभर बाजूला ठेवावें. आयोकाच्या बापाला सर्व गांवानें वेडा ठरविलें तेव्हां त्याचें म्हणणें मन लावून ऐकणारें घरांत एकच लेंकरूं होतें, आणि त्या एका लेंकरावर एका राष्ट्राची लिपि तरली.